बिनपदवीची मोठी माणसं

आमच्या कुंडल-पलूसच्या पट्ट्यात आजोबांच्या पिढीतल्या माणसाची ओळख करून देताना शिक्षण सगळ्यात शेवटी सांगत, आणि तेही कुणी विचारलं तर. आधी गाव, मग भावकी, मग हाताला काय येतं ते. "ह्यो विहिरीला सुरुंग लावतो." "ह्यो गुळव्या हाय, काहिल कवा उतरायची ते निस्त्या वासावरनं सांगतो." आमच्या आबांची ओळख होती, "ह्यो वाडीला बिडाचं वतकाम करतो." वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी. दुसऱ्या कुठल्या वाडीला आमच्याकडं नुसतं वाडी म्हणत नसत.

आबा मराठी चौथी शिकलेले. आज्जीचं म्हणणं, चौथीच्या परीक्षेच्या वेळेला सुगी आली आणि आबा शाळेऐवजी शाळूच्या खळ्यावर गेले. म्हणजे खरी तिसरीच. हा वाद दोघं हयात असेपर्यंत मिटला नाही आणि आता मिटवायला कुणी उरलं नाही. कारखान्यात ते साल तीसला लागले की बत्तीसला, यातही घरात दोन मतं आहेत. मिसरूड फुटायचं होतं एवढं मात्र नक्की, कारण मेस्त्रींनी पहिल्या दिवशी त्यांना बघून विचारलं होतं, "पोरा, दूध पिऊन आलास का?"

त्या कारखान्याची गोष्ट आम्ही रामायणासारखी ऐकली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली होती. माळ कसला, नुसता फड्या निवडुंग आणि त्यात नाग. आबांच्या वडिलांनी तो निवडुंग तोडायला रोजंदारीवर हात लावला होता म्हणे. ह्याला पुरावा काही नाही, पण पणजोबांच्या पायात निवडुंगाचा काटा मोडून कुरूप झालं होतं आणि ते अभिमानानं दाखवत, असं आबा सांगायचे. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असं तेव्हा शेतकरी समजत. पुढं तोच नांगर घरोघरी गेला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, हा प्रसंग आबांच्या फार आवडीचा. तोफेचा नांगर झाला, असं म्हणताना आबांचा आवाज चढायचा.

लक्ष्मणरावांकडं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नव्हते. म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडं वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले आणि पुढं बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्यांचा उजवा हात म्हणजे शंभूराव जांभेकर, तेही पदवीचे इंजिनिअर नव्हते. अशा माणसांनी उभारलेल्या कारखान्यात चौथी-तिसरीच्या पोराला कुणी दाखला मागितला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

आबा काय शिकले ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा ते निवृत्त झाले होते. गावाजवळच्या एका छोट्या फौंड्रीत मालकानं त्यांना सल्ल्याला बोलावलं होतं आणि शाळेला सुट्टी म्हणून मीही बरोबर गेलो. ओतकामात सगळी मदार साच्याच्या वाळूवर. वाळू जास्त ओली असली तर रसाच्या धगीनं वाफ होऊन बिडात पोकळ्या पडतात. कोरडी असली तर साचा ढासळतो. आबांनी खाली वाकून मूठभर वाळू उचलली, लाडू वळावा तशी दाबली आणि मूठ उघडली. बोटांचे ठसे गोळ्यावर स्वच्छ उमटले होते. मग दोन्ही हातांनी गोळा मधोमध मोडला. कडा टोकदार राहिल्या, फक्त किंचित भुरभुरल्या. "पाणी बरुबर हाय. माती वाईच कमी पडलीया," ते म्हणाले. तिथला तरुण सुपरवायझर यंत्रावर वाळूची परीक्षा करून आला आणि त्याच्या कागदावरही तेच निघालं. आबा खूश झाले, पण मला वाटलं होतं त्या कारणानं नाही. घरी जाताना म्हणाले, "बघ, त्येला तीस वर्सं न्हाई लागली. मला जे कळाया जलम गेला ते त्येला एका तासात कळालं. शाळा म्हंजे हे."

ते वाक्य मी विसरलेलो नाही. कारण पदवी नसताना मोठी झालेली माणसं पदवीला कमी लेखत असतील, अशी आपली समजूत असते. आमच्या भागात मी उलटं पाहिलं. लक्ष्मणरावांनी मुलाला, शंतनुरावांना, १९२२ साली थेट अमेरिकेत एमआयटीला धाडलं आणि ते १९२६ साली इंजिनिअर होऊन वाडीला परत आले. बापानं अंदाजानं, हिकमतीनं जे उभं केलं, ते हिशेबानं आणि शास्त्रानं वाढवायला पोराला शिकवलं पाहिजे, हे बापालाच आधी कळलं होतं.

आबांना हे कळण्यामागं एक सलही होता. वाडी सोडून मधल्या काळात ते दुसऱ्या एका कारखान्यात होते. तिथं फोरमनची जागा निघाली. सगळ्यांना वाटलं आबाच. पण अर्जात शिक्षणाचा रकाना होता. डिप्लोमा झालेला एक पोरगा आला आणि त्याला काम शिकवायची जबाबदारी आबांवर पडली. त्यांनी शिकवलंही, मनापासून. भट्टीवरनं आले की आज्जी त्यांना गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी द्यायची. धूळ गळ्याखाली उतरते, असं तिचं शास्त्र. त्या दिवशी गूळ हातात तसाच धरून ते बसून राहिले, असं आज्जी सांगायची. म्हणाले एवढंच, "पोरगं गुणी हाय. कागुद त्याच्याकडं हाय, वाळू माझ्याकडं. आपल्या पोरांकडं दोन्ही पायजे."

म्हणून तात्या, माझे थोरले चुलते, साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेत शिकायला गेले. कर्मवीरांची कथा तर आमच्या मातीतलीच. कुंभोजचा हा माणूस इंग्रजी सहावीच्या पुढं गेला नाही. पोटासाठी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडला. त्या हिंडण्यात त्यांनी खेड्यातली पोरं बघितली आणि १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे ऐकताना आमच्या घरातल्या बायका पदर डोळ्यांना लावत. १९४७ साली कर्मवीरांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. मॅट्रिकही न झालेल्या माणसानं काढलेलं कॉलेज! पुणे विद्यापीठानं त्यांना १९५९ साली सन्मानानं डी.लिट. दिली.

तात्या त्याच कॉलेजात 'कमवा आणि शिका'मध्ये शिकले. सकाळी कुदळ, दुपारी वर्ग, रात्री कंदिलाखाली पुस्तक. वसतिगृहातली आमटी इतकी पातळ असायची की तळाची डाळ मिळावी म्हणून पोरं पंगतीत शेवटी बसायला बघत. सुट्टीहून परत निघताना आज्जी शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून द्यायची. साताऱ्यात पोचेपर्यंत निम्मी चवड सोबत्यांत वाटली जायची. तात्या बी.ए. झाले, हायस्कुलात मास्तर झाले. आमच्या भावकीतला पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी आबांनी गावात पेढे वाटले की गूळ-शेंगदाणे, हे मला दोन तऱ्हांनी ऐकायला मिळालंय. मला गूळ-शेंगदाणे खरे वाटतात.

आत्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि पदवी हवी का, ह्या प्रश्नात मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ती सातवीची फायनल पास होती. लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत पाठीमागं एक मूल ठेवून नवरा गेला. ती माहेरी परत आली. आबांसारखं तिला कुठल्या मेस्त्रीनं "ये, बस हाताखाली" म्हटलं नसतं. बाईमाणसाला तेव्हा फौंड्री नव्हती, लेथ नव्हता, वर्कशॉप नव्हतं. होती ती दुसऱ्याच्या रानातली भांगलण. तिला वाचवलं ते पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवलेल्या दाखल्यानं. त्या एका कागदावर ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, हेडबाई म्हणून निवृत्त झाली, पोराला शिकवलं, पेन्शनीतून स्वतःच्या नावावर दोन खोल्या बांधल्या. म्हातारपणी कुणी तिच्यासमोर "शिकून काय होतंय" म्हटलं की ती बोलायची नाही, उठून आत जायची.

मेस्त्री न मिळणाऱ्यांत आत्या एकटी नव्हती. गावगाड्यात हुन्नरही जातीनं वाटलेला होता. सुताराच्या हाताखाली सुताराचं पोर, लोहाराच्या भात्यावर लोहाराचं. ज्यांना पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्यांच्या पोरांना कुठला मेस्त्री जवळ बसवणार होता? बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबियाची आणि लंडनची पदवी मिळवली, त्या पदव्यांचा अर्थ आमच्या गावच्या खालच्या आळीतल्या पोरांना जितका कळला तितका आम्हा कुळवाड्यांना कळायला वेळ लागला. हाताला काम देणाऱ्याच्या मर्जीवर ज्यांना जगता येत नाही, त्यांना पदवी हाच आधार होता. अजून आहे.

आणि मग दादा. वसंतदादा पाटील पद्माळ्याचे, शिक्षण मराठी सातवीच्या आसपास. १९४३ साली सांगलीच्या तुरुंगाचा तट ओलांडून पळाले, त्या वेळी गोळी लागली, ही कहाणी आमच्याकडं प्रत्येक घराची स्वतःची आहे. आमच्या आज्जीच्या म्हणण्याप्रमाणं त्या पळालेल्यांपैकी एकानं आमच्या वस्तीवर ताक पिलं होतं. दादा मुख्यमंत्री झाले. तोवर इंजिनिअर व्हायचं तर पुणं, मुंबई, सांगलीचं वालचंद, अशी मोजकीच ठिकाणं. ज्यांच्याकडं पैसा होता त्यांची पोरं देणगी भरून कर्नाटकात जात. १९८३ साली दादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. माझा धाकटा चुलतभाऊ अशाच एका नव्या कॉलेजातून इंजिनिअर झाला. त्याच्या फीपायी तात्यांनी ओढ्याकडचं अर्धा एकर रान विकलं. कॉलेजं पुढं इतकी झाली की काही ठिकाणी शिकवणारे कमी आणि इमारत मोठी, असंही झालं. रान विकून कागद तेवढा हाती आला आणि हाताला काही आलं नाही, अशी पोरंही मी पाहिली आहेत. तरी कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसानं शेतकऱ्याच्या पोरांसाठी कॉलेजची दारं उघडली, हे विसरता येत नाही.

हल्ली घरातली पोरं मला विचारतात, कॉलेज खरंच लागतं का? नावं घेतात मोठमोठी, शिक्षण सोडून पुढं गेलेल्यांची. मी त्यांना आमच्या ह्या तिघांची नावं सांगतो. लक्ष्मणराव, कर्मवीर, वसंतदादा. एकाच पट्ट्यातली, पदवी नसलेली, आणि तिघांनीही पुढच्या पिढीच्या पोरांना शिकवण्याची खटपट केली. पदवी नव्हती म्हणजे ते शिकले नव्हते असं नाही. त्यांना शिकण्याची भूक होती आणि आबांसारख्यांना शिकवणारा मेस्त्री होता. बारा-चौदा वर्षं रोज कुणीतरी शेजारी उभं राहून "वाईच अजून पाणी" म्हणत होतं. हे पदवीइतकंच मोठं शिक्षण होतं, फक्त त्याचा कागद मिळत नसे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, गावोगावच्या आयटीआय, हे सगळं त्याच शिक्षणाला कागद देण्याचे प्रयत्न आहेत. आपण ते दुय्यम मानले, मार्क कमी पडलेल्यांसाठी राखून ठेवले, ह्याचं मला वाईट वाटतं. वेल्डिंग उत्तम येणाऱ्या पोराला सोयरीक जमताना आजही "ग्रॅज्युएट हाय का?" विचारतात.

माझा भाचा बारावीनंतर कॉलेज नको म्हणतो. त्याला यंत्रांत गोडी आहे, मोटारी खोलतो, जोडतो. त्याच्या आईनं मला मध्ये घातलं. मी त्याला म्हटलं, आबांनी पदवी घेतली नाही म्हणून तू घेऊ नकोस, असं आबांच्या नावावर मी तुला सांगणार नाही. आबा असते तर रागावले असते. तुला पोराप्रमाणं शिकवील असा मेस्त्री आधी शोधू. तो मिळाला, आणि त्याच्याकडं दोन-तीन वर्षं मान खाली घालून शिकायची तयारी असली, तर कॉलेज बाजूला राहिलं तरी चालेल. पुढं डिप्लोमा करता येईल, नोकरी धरून पदवीही करता येईल. मेस्त्री मिळाला नाही, तर कॉलेजात जा आणि तिथं वर्कशॉपमध्ये हात काळे कर.

पोराला "पदवीत काय ठेवलंय" म्हणणाऱ्या मोठ्या माणसानं आधी त्याचं बोट धरून एखाद्या हुन्नरी माणसाच्या दारात त्याला नेऊन उभं करावं आणि ह्याला शिकव म्हणून शब्द टाकावा. तेवढं करायची तयारी नसेल, तर फी भरावी. पोरीच्या बाबतीत तर फी आधी भरावी, मग बाकीचं बोलावं. आमच्या आत्यानं आम्हाला हेच शिकवलंय.