एप्रिलमधला बर्फ आणि बाबांचे कंद

२०२१ च्या एप्रिलमध्ये, पहिल्याच आठवड्यात लायडनला बर्फ पडला. सकाळी खिडकीचा पडदा सारला आणि पोटात धस्स झालं. अंगणातले ट्यूलिप पार आडवे पडले होते.

हे कंद बाबांनी लावलेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये इथे आले होते तेव्हा. वीस कंद, निफाडच्या माणसाने कांद्याची रोपं लावावीत तसे सरळ ओळीत! २०२० च्या एप्रिलमध्ये फुलं बघायला यायचं ठरलं होतं. ते का राहिलं हे सांगायला नको. २०२१ मध्येही तेच. मग काय, फोन फिरवून अंगण दाखवलं.

"गेले गं," बाबा म्हणाले. गारपिटीत उभी बाग झोपलेली ज्याने पाहिली आहे, तो दुसरं काय म्हणणार?

मी म्हणाले, दुपारपर्यंत थांबा. आणि तोवर त्यांना क्लुसियसची गोष्ट सांगितली.

कॅरोलस क्लुसियस १५९३ साली इथल्या विद्यापीठाची बाग उभी करायला आला, तेव्हा ६७ वर्षांचा होता. सोबत ट्यूलिपचे कंद. व्हिएन्नात असताना, सुलतान सुलेमानच्या दरबारी राजदूत राहिलेल्या बुसबेककडून त्याला ट्यूलिपच्या बिया आणि कंद मिळाले होते. १५९४ च्या वसंतात लायडनला ते फुलले. तो काळ युरोपच्या 'छोट्या हिमयुगा'चा. आपल्या आंब्याफणसांबद्दल, औषधींबद्दल गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं पुस्तक लॅटिनमध्ये आणणाराही हाच माणूस बरं का! पण ती झाडं काही इथे उघड्यावर जगली नसती. ट्यूलिप जगला.

कारण ट्यूलिप मुळात तिएन शानसारख्या मध्य आशियाई डोंगरांतला. तिथला वसंत म्हणजे आज ऊन, उद्या बर्फ. उन्हाळा कोरडा, म्हणून कंद जमिनीखाली जातो. आपल्याला वाटतं झोपलाय. पण पुढच्या वर्षीचं इवलंसं फूल तो तेव्हाच पोटात तयार करत असतो. मग तीनेक महिने थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर दांडा नीट वाढत नाही (पुण्यात मावशीच्या कुंडीचं काय झालं, आठवतंय ना?). थंडीत कंदातल्या पिठाची साखर होते आणि साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं. कडक गारठ्यात पेशींतलं पाणी बाहेरच्या पोकळीत जाऊन तिथे गोठतं, त्यामुळे पेशी फाटत नाहीत. दांडा मात्र लुळा पडतो. ऊन आलं की पाणी परत आत, आणि दांडा ताठ. फार तर पानांची टोकं करपतात. धोका असतो तो उमललेल्या फुलाला. मिटलेली कळी बरंच सोसते. आणि बर्फापेक्षाही वाईट तो बर्फाशिवायचा कोरडा गारठा. बर्फ निदान पांघरूण तरी घालतो.

क्लुसियसचे कंद थंडीने नाही, चोरांनी नेले. तो कंद द्यायला कुरकुरायचा म्हणे, तर लोकांनी सरळ बागच खणली. त्याच्या पत्रांत या चोऱ्यांचं फार दुखणं आहे. मला तर त्याची दयाच येते.

दुपारी अडीचला ऊन आलं. तासाभराने पुन्हा फोन लावला. बाबांनी चष्मा पुसला आणि एकेक करून मोजायला लागले. उभे राहिलेले तेरा.

"मी वीस लावले होते."

मी म्हटलं, दुसऱ्या वर्षी काही कंद बारीक होतात, नुसती पानंच देतात.

"छे! चोरीला गेले असतील," बाबा म्हणाले, "तुझ्या त्या म्हाताऱ्याचे गेले तसे."