अटल सेतू : जपानी सहकार्याचे दीर्घकालीन मूल्यमापन
शिवडी ते न्हावा शेवा हा मुंबई व नवी मुंबई जोडणारा २१.८ किमी. लांबीचा सहापदरी सागरी सेतू. जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या (जायका) कर्जसाहाय्याने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने तो बांधला. उद्घाटन १२ जानेवारी २०२४. जायका कर्ज देण्यापूर्वीच अपेक्षित वाहनसंख्या, प्रवासाचा वेळ अशी लक्ष्ये ठरवते व काम संपल्यावर काही वर्षांनी पश्चात मूल्यमापन करते. त्यासाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) विकास साहाय्य समितीचे निकष आधारभूत असतात : समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा.

टोलनाक्यावर वाहने मोजता येतात. खरी कसोटी ‘प्रभावा’ची. नवी मुंबईतील उलव्यात जागांचे भाव चढले, तर त्यातला पुलाचा वाटा किती आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा किती, हे वेगळे काढणे कठीण. शिवडीच्या चिखलपट्टीवरील रोहित पक्ष्यांवर पुलाचा काय परिणाम झाला, हे एका हिवाळ्याच्या गणनेवरून ठरत नाही. पुलामुळे कोळ्यांच्या मासेमारीच्या झालेल्या नुकसानीचा प्रश्नही भरपाई वाटून मिटत नाही. कोळीवाड्यांतील मासळीची आवक वर्षानुवर्षे नोंदवली, तरच ‘प्रभावा’चा निकष प्रामाणिकपणे लावता येईल.