धावड्याचा आर, बिब्ब्याचा धूर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि त्याच्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. गोटमारीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो आजचा विषय नव्हे. पण त्याच दिवशी, करीच्या निमित्ताने, मांसाहार चालतो त्या घरांत चुलीवर मटण चढते; आणि नदीत ज्या पळसाला एवढा मान, त्याचे लाकूड त्या मटणाखाली जाणती बाई सहसा सारीत नसे. पळस मऊ आणि हलका. भसकन पेटतो, लवकर राख होतो. मटणाला हवा असतो तो तासभर टिकणारा आर.

कोणते लाकूड कशासाठी, हे ज्ञान आपल्या घरांत कोणी लिहून ठेवले नाही. बखरी लिहिल्या गेल्या, वतनांचे कागद जपले गेले. सरपण मात्र बायकांचे काम, म्हणून ते इतिहासाबाहेर राहिले.

देवगडच्या गोंड राज्यावर अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांचा अंमल बसला आणि सातपुड्याच्या या पायथ्याशी मराठी वस्ती वाढत गेली. खालच्या काळ्या मातीच्या मुलखातून येणाऱ्या कुटुंबांचे सरपण शेतातले होते : पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि बांधावरची बाभूळ नाही तर हिवर. पऱ्हाटीचा जाळ भाकरीला उत्तम, पण सतत सारावा लागतो. सिल्लेवानीच्या घाटाकडे मात्र जंगल होते, आणि त्या जंगलात धावडा, तेंदू, साजा, खैर अशी जड, घट्ट लाकडे होती. त्यांची ओळख या मंडळींना साहजिकच तिथल्या मूळ रहिवाशांकडून, गोंडांकडून झाली असणार. ज्याच्या डिंकाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, तोच हा धावडा. त्याचा कोळसा मध्य भारतात नेहमीच वाखाणला गेला आहे. आमच्या घरी आजी मटणाखाली आधी पऱ्हाट्या पेटवी आणि जाळ धरला की धावड्याचे एकच लाकूड आत सारी. मग ती चुलीकडे फारसे पाहतही नसे.

याचे कारण आज रसायनशास्त्र सांगू शकते. लाकूड मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. कठीण लाकडातील लिग्निन मंद धुमसू लागले की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्ये सुटतात. धुरी दिलेल्या मांसाचा वास आणि चव बरीचशी यांचीच, आणि त्यांच्यामुळे मांस काही अंशी टिकतेही. राळ असलेल्या लाकडाची गोष्ट निराळी. चीड किंवा आपल्याकडची सालई जळताना काजळी धरते. सालईचा डिंक धुपाला उत्तम, पण मटणाला धुपाचा वास कोणाला हवा? ओले लाकूड तर सर्वांत वाईट. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते, आणि त्याचा धूर आंबट, कडवट, डोळ्यांना झोंबणारा. पोळा येतो श्रावणी अमावास्येला, ऐन पावसात. तेव्हा करीचे लाकूड वैशाखातच फोडून, रचून, पडवीत झाकून ठेवावे लागे.

जगात इतरत्रही ही निवड अशीच काटेकोर आहे. युरोपात बीच आणि अल्डर, अमेरिकेत ओक आणि हिकरी. टेक्सासचे लोक ज्या मेस्कीटच्या लाकडावर मांस भाजण्यात अभिमान मानतात, त्याची सख्खी भावंडे आपल्या रस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ म्हणून शिव्या खात उभी आहेत.

आणि एक झाड असे, की जे चुलीत जाऊच नये : बिब्बा. त्याचे तेल अंगाला लागले की उतते, हे मराठी घरात सांगावे लागत नाही. पण त्याच्या ओल्या लाकडाचा धूरही तोंडाला, डोळ्यांना सूज आणतो, हे मोळी आणणारेच जाणत. त्यांच्या लेखी बिब्बा ओळखता येणे म्हणजे जंगल ओळखता येणे. कण्हेरही अशीच वर्ज्य. वड, पिंपळ, उंबर वर्ज्य ते धर्माने. बिब्बा आणि कण्हेर अनुभवाने.

नागालँडमध्ये चुलीवर डुकराचे मांस टांगून आठवडेच्या आठवडे धुरावतात. आपल्याकडे ती रीत रुजली नाही. वैशाखाचे ऊन फुकट होते, त्यामुळे मांस टिकवायचे तर ते उन्हात वाळवीत. महार-मांग वस्त्यांतील चान्या, म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, याच जातीच्या. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील या खाद्यपरंपरेची नोंद आहे. आपल्या गावांच्या कडेलाही अशी घरे होती. आपण तिकडे पाहिले नाही, एवढेच म्हणता येईल.

लाकडाची निवड केवळ चवीने होत नव्हती, कायद्यानेही होत होती. मध्य प्रांतात मालगुजारी गावच्या रयतेला जंगलातून घरगुती गरजेपुरते लाकूड, गवत घेण्याचा हक्क होता; त्याला निस्तार म्हणत. साग, शिसम, बिजा यांना हात लावायचा नाही, मोहा फुलांसाठी आणि टोरीच्या तेलासाठी राखायचा, उरलेल्यातून सरपण. मालगुजार आणि रयत यांच्या कटकटी बहुधा याच रेषेवर होत. १९५१ साली मालगुजारी गेली, जंगले सरकारजमा झाली, आणि निस्तार मालगुजाराच्या दारातून निघून वनखात्याच्या डेपोवर गेला. डेपोवर मिळेल ते लाकूड घ्यायचे. धावडा की सालई, हा प्रश्न तिथेच निम्मा संपला.

पुढचा निम्मा गॅसने संपवला, आणि त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. चुलीच्या धुराने आपल्या आज्यांचे डोळे आणि छाती यांचे काय केले, ते आपण पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या खंडात घरातील लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला ‘बहुधा कर्ककारक’ म्हटले. २०१५ साली धुरी देऊन टिकवलेले मांसही कर्ककारकांच्या यादीत गेले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने खेड्यांत सिलिंडर पोचवले. ते रिकामे झाल्यावर पुन्हा भरण्याइतके पैसे प्रत्येक घरात नसतात, म्हणून मोळ्या अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत; पण ती मोळी बांधणारी मुलगी आता झाडांची नावे सांगतेच असे नाही.

इकडे ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या रस्त्यांवर वाढल्या आहेत. तिथे जेवायला बसण्यापूर्वी एकदा मागे जाऊन सरपणाचा ढीग पाहावा. रंग लावलेल्या फळ्या, खोक्यांचे तुकडे, प्लायवूडचे काप दिसले तर उठावे. जड, चिरलेल्या टोकांचे, वाळलेले लाकूड रचलेले असेल, तर ते कोणत्या झाडाचे हे आचाऱ्याला विचारावे.