हजार रात्री आणि साठ मिनिटे

व्हिडिओ गेम किती तासांत संपावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावा का, असे काही वाचकांना वाटेल. पण कथा किती लांबवावी आणि ती कोणाच्या फायद्यासाठी लांबते, हा प्रश्न जुना आहे. त्याची एक नोंद तर थेट अब्बासी बगदादमध्ये सापडते.

आधी अलीकडची गोष्ट सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये टेकलँड या पोलंडमधील कंपनीने आपल्या ‘डाइंग लाइट २’ या गेमची जाहिरात करताना सांगितले की, तो पूर्णपणे संपवायला ५०० तास लागतील. लोक खूश होतील अशी कंपनीची अपेक्षा असावी. झाले उलटेच. दिवसभर नोकरी करून रात्री तासभर खेळणारे लोक वैतागले. शेवटी कंपनीला खुलासा करावा लागला की, मुख्य कथा वीसेक तासांचीच आहे. ५०० तास लागतील ते गेमचा कोपरा न् कोपरा पालथा घालणाऱ्याला.

हा वाद वाचताना मला इब्न अन-नदीम आठवला. हा दहाव्या शतकातला बगदादचा वर्राक, म्हणजे पुस्तकांच्या नकला करून विकणारा. त्याने आपल्या काळातल्या अरबी ग्रंथांची ‘अल-फिहरिस्त’ नावाची प्रचंड सूची तयार केली. तिच्यात ‘हजार अफसान’ या मूळ फारसी कथासंग्रहाची नोंद आहे. आज आपण ज्याला ‘अरेबियन नाइट्स’ म्हणतो, त्याचा हा पूर्वज. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने ज्या कथा आणल्या, त्या याच परंपरेतल्या. इब्न अन-नदीम लिहितो की, या पुस्तकात रात्री हजार आहेत, पण गोष्टी दोनशेही नाहीत, कारण एकेक गोष्ट कित्येक रात्री चालते. त्याला हे पुस्तक सुमार वाटले, तेही त्याने लपवले नाही. ‘इतके तास, पण मजकूर केवढा?’ हा आजच्या खेळाडूचा प्रश्न त्याने हजार वर्षांपूर्वीच विचारला होता.

पुढे तर आणखी गंमत झाली. या कथांचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने मोठे हस्तलिखित सीरियातले आहे. त्यात तीनशे रात्रीही नाहीत. ‘एक हजार एक’ हा आकडा बहुधा ‘पुष्कळ’ अशा अर्थाने नावात आला होता. नंतरच्या लोकांनी तो शब्दशः घेतला आणि भर घालत घालत रात्री पूर्ण केल्या. फ्रेंच अनुवादक अँत्वान गालाँ याच्याही जवळच्या गोष्टी संपल्या. तेव्हा १७०९ मध्ये हलबहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब या तरुणाने त्याला नव्या गोष्टी सांगितल्या. अलादीन आणि अलिबाबा या त्यातल्याच. म्हणजे भर घालणे वाईटच असते असे नाही. एकच गोष्ट ताणणे वेगळे आणि नवी गोष्ट आणणे वेगळे.

व्हिडिओ गेमची लांबी सुरुवातीला कथेने ठरवली नाही, नाण्याने ठरवली. १९७२ चा ‘पाँग’ किंवा १९८० चा ‘पॅक-मॅन’ हे दुकानांत, बारमध्ये ठेवलेल्या यंत्रांवरचे खेळ. एका नाण्यात खेळाडू तासभर टिकला तर मालकाचे नुकसान. त्यामुळे काही मिनिटांत हरवायचे, पण पुन्हा नाणे टाकावेसे वाटले पाहिजे, हा हिशेब होता. ‘पॅक-मॅन’ला शेवट असा नव्हताच. जो कसलेला खेळाडू २५६ व्या पातळीपर्यंत पोहोचे, त्याच्यासमोर अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जाई, कारण यंत्राची मोजणी तिथे कोलमडत असे.

मग खेळ घरात आला आणि हिशेब बदलला. आता कार्ट्रिज एकदाच विकत घ्यायचे, तेव्हा ते महिनोन् महिने पुरले पाहिजे. पण त्यातली जागा अगदी थोडी. उपाय एकच होता, खेळ अवघड करणे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ३२ पातळ्या आहेत. आज तरबेज खेळाडू आडवाटा वापरून तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. त्या काळच्या मुलांना मात्र कित्येक महिने लागत, कारण हरलात की पुन्हा पहिल्यापासून. १९८६ च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये प्रगती जपण्यासाठी लांबलचक सांकेतिक शब्द कागदावर उतरवून ठेवावा लागे. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये एक लहानशी बॅटरी होती. तिच्यामुळे आज थांबून उद्या तिथूनच पुढे जाता येऊ लागले. शहरजाद पहाट झाली की गोष्ट थांबवी आणि दुसऱ्या रात्री तिथूनच उचली. तशी सोय खेळात आली आणि मोठी कथा शक्य झाली.

याच वळणावर १९८९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आला. जॉर्डन मेकनरने तो सुमारे चार वर्षे खपून बनवला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हा गेम खेळलेले अनेक जण आज चाळिशी-पन्नाशीत असतील. सुलतान लढाईवर गेला आहे. वजीर जाफर शहजादीला एक तासाची मुदत देतो, लग्न कर नाहीतर मर. तळघरातल्या नायकाने साठ मिनिटांत बारा पातळ्या ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचायचे. मेलात तर ती पातळी पुन्हा खेळता येते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. लांबी हाच इथे खेळाचा प्राण आहे. पडद्यावरचा तास एकच, पण तो जिंकायला शिकण्यात आठवडे जात.

मात्र या आटोपशीरपणाची किंमत इतिहासाला मोजावी लागली. तासाभराच्या खेळात खलनायक पाहताक्षणी ओळखू यायला हवा, म्हणून तयार साचा वापरला गेला. खरा जाफर बरमकी हा खलिफा हारून रशीदचा वजीर, ८०३ मध्ये त्याच खलिफाच्या हुकमाने मारला गेलेला. अलिफ लैलाच्या गोष्टींत तो खलिफाबरोबर रात्री वेष पालटून फिरणारा सोबती आहे. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटाने जाफर नावाचा दुष्ट वजीर रंगवला आणि तोच पुढे गेममध्ये आला. एका पिढीला बरमकी घराण्याचे नावही ठाऊक नाही, पण दुष्ट जाफर पाठ आहे.

लांब खेळाने हे दुखणे बरे होते का? ‘असॅसिन्स क्रीड’ ही मालिका मुळात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्याच कामातून निघाली. ती फुगत फुगत २०२० च्या ‘व्हॅल्हाला’पर्यंत आली. त्याची मुख्य कथा संपवायलाच साठेक तास लागतात. याच गेमला जोडायची पुरवणी म्हणून एक भाग आखला होता. तो पुढे स्वतंत्र झाला आणि २०२३ मध्ये ‘मिराज’ नावाने आला. तो साधारण पंधरा-वीस तासांचा आहे आणि घडतो नवव्या शतकातल्या बगदादमध्ये.

खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये वसवलेल्या त्या गोल शहराचा आज जमिनीवर मागमूसही नाही. भिंती नाहीत, दरवाजे नाहीत. मुलांना दाखवायला आपल्याकडे नकाशे आणि वर्णने तेवढी आहेत. अशा शहरातून एखादा मुलगा बाजार, कालवे, मशिदी पाहत चालतो आणि थांबून संग्रहालयांतल्या वस्तूंच्या चित्रांसह दिलेल्या इतिहासाच्या नोंदी वाचतो. गेममधली गुप्त संघटनेची कथा काल्पनिकच आहे, हे त्याला सांगावे लागेल. तरीही जाफरच्या साच्यापेक्षा हे कितीतरी पुढचे पाऊल आहे. ते एका तासात जमले नसते. आणि साठ तासांचा पसारा असता, तर पुष्कळांनी अर्ध्यावर सोडला असता.

म्हणून मला एक आकडा सांगता येणार नाही, पण कसोटी सांगता येईल. खेळातला कोणताही एक तास काढून टाकला तर काही हरवते का? हरवत असेल तर तो तास हक्काचा. नसेल तर तो कंपनीने आपल्या आयुष्यातून घेतलेला. शहरजादने रात्री वाढवल्या त्या स्वतःचा आणि तिच्यामागून मरणाऱ्या मुलींचा जीव वाचवण्यासाठी. पण प्रत्येक रात्री तिला ऐकण्याजोगे काहीतरी सांगावेच लागे. एक रात्र जरी रटाळ गेली असती, तरी सकाळी तिची मान राहिली नसती.