‘सेल्फ’ कशासाठी?

पायथॉन ही संगणकभाषा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : मेथडच्या कंसात पहिले नाव ‘सेल्फ’ का लिहायचे? मेथड वापरताना तर आपण ते देत नाही! याचे उत्तर आपण इतिहासात शोधू या.

क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू. ही कल्पना १९६० च्या दशकात ऑस्लोमध्ये डाल आणि नीगार्ड यांनी ‘सिम्युला’ भाषेत आणली. साचा एक, वस्तू अनेक. मग साच्यातली सूचना पाळताना ‘आत्ता कोणाबद्दल बोलतो आहोत?’ हे सांगायला एक शब्द हवा. १९७० च्या दशकात अमेरिकेत घडलेल्या ‘स्मॉलटॉक’ने ‘सेल्फ’ हा शब्द वापरला. तिथे तो कंसात मांडावा लागत नसे.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये गिडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये पायथॉनचे काम सुरू केले. १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. या भाषेत नावे आधी जाहीर करावी लागत नाहीत. मग मेथडमध्ये नुसते ‘गुण’ लिहिले, तर ते मेथडपुरते की वस्तूचे? हा घोळ टाळण्यासाठी रॉसम यांनी ‘मोड्यूला-३’ भाषेतली युक्ती घेतली. मेथड हे साधे फंक्शनच. वस्तू त्याला पहिली मिळते. आपण ‘मीना.हजेरी()’ लिहितो, पायथॉन ‘विद्यार्थी.हजेरी(मीना)’ असे समजते. इथे मीना म्हणजेच सेल्फ.

आता गंमत पाहा. ‘विद्यार्थी’ या क्लासमध्ये आपण ‘पट = ०’ ठेवला. ‘सेल्फ.पट’ वाचताना पायथॉन आधी मीनापाशी शोधते, तिथे नसेल तर क्लासमध्ये. लिहिताना मात्र ते मीनापाशीच लिहिते. म्हणून ‘सेल्फ.पट = सेल्फ.पट + १’ या ओळीत ० वाचला जातो क्लासमधून आणि १ जमा होतो मीनाच्या खात्यावर. तीन मुले आली तरी प्रत्येकापाशी १, आणि क्लासचा पट ० च! सामाईक आकडा वाढवायचा तर ‘विद्यार्थी.पट’ असेच लिहायला हवे.

२००८ मध्ये कंसातला ‘सेल्फ’ काढून टाकावा अशी सूचना आली. रॉसम यांनी ती नाकारली, कारण मेथड आणि फंक्शन यांतले सरळ नाते त्यामुळे तुटले असते.

‘सेल्फ’ हा राखीव शब्द नाही, तो केवळ संकेत आहे. २००८ च्या पायथॉन ३ पासून नावे देवनागरीतही चालतात. वर्गात एकदा ‘सेल्फ’च्या जागी ‘स्व’ लिहून पाहा. कार्यक्रम तसाच चालेल, आणि शब्दात जादू नाही, जागेत आहे, हे मुलांना आपोआप उमगेल.