विजेरी : ल्यूमेनच्या आकड्यापलीकडे

सांगली जिल्ह्याच्या ईशान्येला असलेला आटपाडी तालुका हा माणदेशाचा भाग. पाऊस तुटपुंजा, माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी आणि शेतीचा भरवसा विहीर, बोअर, शेततळे व अलीकडच्या काळात टेंभू उपसा सिंचन योजनेवर. याच पाण्यावर येथे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. बागेला पाणी द्यायचे तर पंप हवा आणि पंपाला वीज. महाराष्ट्रात कृषिपंपांना आलटून पालटून कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. मात्र रात्रीच्या पाण्याची पाळी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. अशा वेळी त्याच्या हातात असते ती विजेरी, म्हणजे गावाकडच्या भाषेत ‘बॅटरी’.

शहरात विजेरीची आठवण दिवे गेल्यावर होते. बांधावर मात्र पावलापुढची दोन हात जमीन दिसणे हा जिवाचा प्रश्न असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार रात्री बाहेर पडते, तर फुरसे माती-दगडांच्या रंगात असे मिसळून जाते की, ते उजेडातही चटकन ओळखू येत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती.

विजेरीचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. डेव्हिड मायसेल यांना १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या काळचे सेल दुबळे असल्याने दिवा सलग पेटता ठेवता येत नसे. क्षणभर उजेड पाडून तो बंद करावा लागे. म्हणूनच इंग्रजीत तिला क्षणिक झोताचे नाव पडले, असे सांगितले जाते. पुढे टंगस्टनच्या तारेचा बल्ब आला आणि दोन मोठ्या सेलची पत्र्याची विजेरी भारतातही घरोघरी पोहोचली. एव्हरेडी आणि अलाहाबादची जीप ही नावे जुन्या पिढीला आजही आठवतात. त्या विजेरीचा उजेड जेमतेम दहा-पंधरा ल्यूमेन असे आणि सेल उतरू लागले की तोही पिवळा, मलूल होत जाई.

खरा बदल घडवला एलईडीने. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी साकारला. त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवता आला. निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला होताच. या दोन शोधांच्या संगमातून मुठीत मावणारी, पण मोटारीच्या दिव्याशी स्पर्धा करणारी विजेरी जन्माला आली.

तिच्याबरोबर एक नवा हौशी वर्गही तयार झाला. नवे मॉडेल बाजारात आले की ते उघडून पाहायचे, त्यातील एलईडी बदलायचा, प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट म्हणजे ‘ड्रायव्हर’ नवा बसवायचा, स्प्रिंगला तांब्याची तार जोडून विजेचा अपव्यय टाळायचा, काच व परावर्तक बदलायचे, हे या मंडळींचे उद्योग. १९७९ मध्ये अमेरिकेत आलेल्या ॲल्युमिनियमच्या मॅगलाइट विजेरीत बल्बच्या जागी एलईडी बसवण्यापासून अनेकांनी सुरुवात केली. हा छंद वरकरणी चैनीचा वाटला, तरी त्यातून पुढे आलेले निकष बांधावरच्या माणसालाही तितकेच उपयोगी आहेत.

पहिला निकष ल्यूमेनचा, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा. वेष्टनावरील आकडा याच बाबतीत सर्वाधिक फसवतो. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या, ‘१८६५०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेलची क्षमता साधारणपणे साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. तीन हजारांचा चांगला सेल धरला, तर त्यात सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा मावते. एका वॉटमागे १०० ल्यूमेन मिळतात असे मानल्यास एक हजार ल्यूमेनचा उजेड जेमतेम तासभर टिकेल. त्याच सेलवर १० हजार ल्यूमेनचा दावा असेल, तर १०० वॉट लागतील आणि सेल सहा-सात मिनिटांत रिकामा व्हायला हवा. प्रत्यक्षात एवढा भार त्याला पेलवणारही नाही. सेलवर नऊ-दहा हजार मिलिअँपिअर-तास छापलेले असल्यास तो आकडाही खोटाच समजावा.

दुसरा निकष झोताच्या पल्ल्याचा. २००९ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘एफएल १’ मानकानुसार, ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तो विजेरीचा पल्ला. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट विरळ होतो. त्यामुळे १० हजार कँडेला तीव्रतेचा झोत २०० मीटर जात असेल, तर ४०० मीटरसाठी ४० हजार कँडेला लागतात. माणदेशातील मेंढपाळाला असा लांब पल्ला हवा. वाघरीभोवती लांडगा आला, तर त्याचे डोळे दुरून चमकलेले दिसले पाहिजेत. डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासणाऱ्याला मात्र हाच अरुंद झोत निरुपयोगी. त्याला पायाशी पसरणारा, मवाळ उजेड हवा.

तिसरा निकष रंगांचा. स्वस्त एलईडीचा निळसर-पांढरा प्रकाश डोळ्यांत भरतो, पण त्यात तांबड्या-तपकिरी छटा फिक्या पडतात. प्रकाश रंग किती खरे दाखवतो याचे मोजमाप १०० पैकी गुणांत होते. नव्वदीच्या पुढचा एलईडी बसवण्यासाठी हौशी लोक थोड्या कमी ल्यूमेनवरही समाधान मानतात. पाचोळा, माती आणि फुरसे यांच्या छटांतला फरक ओळखण्यासाठी हा सौदा निश्चितच फायद्याचा.

चौथा निकष उष्णतेचा. शक्तिशाली विजेरी काही मिनिटांतच तापते आणि सर्किट स्वतःहून प्रकाश उतरवते. कागदावरचे दोन हजार ल्यूमेन पुढे पाचशेवर स्थिरावतात. वातावरण तापलेले असल्यास हे आणखी लवकर घडते. म्हणून पहिल्या मिनिटाच्या आकड्यापेक्षा पहाटेपर्यंत टिकणारा उजेड महत्त्वाचा. चांगला ड्रायव्हर सेल उतरत असतानाही प्रकाश स्थिर ठेवतो. मात्र सेल बदलताना काळजी हवी. संरक्षक सर्किट नसलेल्या लिथियम सेलची टोके एकमेकांना जोडली गेली, तर तो पेट घेऊ शकतो.

विजेरी धरण्याचीही एक रीत आहे. डोक्याला बांधलेल्या दिव्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. परंतु प्रकाश नजरेच्याच दिशेने पडत असल्याने जमिनीचे उंचसखलपण सपाट भासते. तीच विजेरी कमरेखाली, तिरपी धरली की प्रत्येक दगडाची आणि वेटोळ्याचीही सावली लांब पडते. वॉल्व्ह फिरवताना दिवा डोक्यावर आणि वाट चालताना हातात, हे उत्तम. नव्या मॉडेलची किंमत मोजण्याआधी रात्रभर किती उजेड टिकतो, तो कुठवर पसरतो आणि मातीचा रंग मातीसारखा दिसतो की नाही, एवढे पाहिले तरी पुरे. रात्री दोन वाजता पंप सुरू करायला निघालेल्या माणसाला दहा हजारांच्या आकड्यापेक्षा पुढचे पाऊल नीट दाखवणारे शंभर ल्यूमेन अधिक मोलाचे असतात.