आरमाराचा आसरा

आपल्या भंडारी ज्ञातीच्या पूर्वेतिहासाचा विषय निघाला म्हणजे मायनाक भंडारी यांचे नाव प्रथम मुखी येते, आणि ते यथार्थच आहे. परंतु गलबत लढविणे ही एक विद्या, तर ते सुरक्षित नांगरून ठेवणे ही दुसरी. मुळामुठेच्या काठी राहणारे आपण या दुसऱ्या विद्येचा विचार क्वचितच करतो.

सन १६७९ मध्ये खांदेरीच्या प्रसंगी इंग्रजांची मोठी जहाजे समुद्रात पहाऱ्यावर उभी होती. मराठ्यांची लहान, उथळ बुडाची गलबते नागोठण्याच्या खाडीचा आश्रय घेत व संधी साधून बेटावर रसद पोहोचवीत. आपल्या नावेस पुरेल पण शत्रूच्या जहाजास पुरणार नाही इतकेच पाणी, हा त्या आसऱ्याचा गुण होय.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या विषयाची स्पष्ट शिकवण आहे. समुद्र खवळण्यापूर्वीच आरमार छावणीस आणावे, जागा किल्ल्याच्या आश्रयाची असावी, भोवती रात्री पहारा फिरावा. आणि सर्व आरमार एके ठिकाणी ठेवू नये, असा त्याचा आशय आहे.

ही शेवटची सूचना किती मोलाची होती, हे विजयदुर्गाने दाखविले. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी असलेले ते बंदर नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून सुरक्षित. जवळच गोदी, वर अभेद्य किल्ला. तुळाजी आंग्रे यांचे आरमार तेथे एकमेकांस बांधून उभे होते. दिनांक १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसनच्या इंग्रजी आरमाराचा एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन' नामक जहाजावर पडला. आग शेजारच्या जहाजास लागली, तेथून पुढे पसरली, आणि काही तासांत सारे आरमार भस्मसात झाले. वाऱ्यालाटांपासून राखणाऱ्या दोरांनीच आगीला वाट करून दिली!

या स्वारीत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूस होते, हे आम्हां पुणेकरांस विसरता येत नाही. ज्या मराठी आरमाराने किनारा राखावयाचा, त्याच्या नाशास पुण्याच्या दरबाराचे साह्य व्हावे, यासारखे दुर्दैव कोणते?

उत्तम बंदर लाभले म्हणून नाव सुरक्षित होत नाही. दोर, नांगर, पहारा यांची नित्य काळजी आणि नावांनावांत योग्य अंतर हवेच. आणि किनाऱ्यावरच्या आप्तांत मात्र अंतर नसावे. पूर्वजांच्या शौर्याबरोबर त्यांची ही दक्षताही आपल्या मुलांस सांगावी, इतकीच ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे.